गजभिये मॅडमच्या फायली

गजभिये मॅडम कुणालाही 'नाही' म्हणत नसत. 'लिहून आणा' म्हणत. माणूस आपली कल्पना कागदावर उतरवायला बसे, दोन ओळींनंतर अडखळे, थोडा वेळ पंख्याकडे पाही आणि आपला नकार आपणच घेऊन परत कामाला लागे. मॅडमच्या कारकिर्दीत त्यांच्या टेबलापर्यंत परत पोचलेले कागद फार थोडे, पण जे पोचले त्यांचे काम झाले.

आमची कंपनी नागपूरच्या हिंगणा रोडवर, एका शेडमध्ये होती. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायची. मी तिथे काट्यांबरोबर देण्याच्या माहितीपुस्तिका लिहीत असे. म्हणजे कुणीही न वाचणारे साहित्य. मराठीत असे लिहिणारा मी एकटा नव्हे, पण त्याचा दरमहा पगार घेणाऱ्या थोडक्या भाग्यवानांपैकी एक होतो.

प्रत्येक काट्याच्या पोटात एक चिप असते आणि तिला काय करायचे ते सी भाषेत लिहून सांगावे लागते. हे सांगण्याचे काम आमच्याकडे पाच-सहा जण करत आणि त्यांच्यावर गजभिये मॅडम होत्या. त्या रोज कामठीहून बसने येत. कॉटनची साडी, पायात स्पोर्ट शूज, आणि गळ्यातले ओळखपत्र कायम उलटे. रखवालदाराने एकदा फोटो दाखवायला सांगितला तर म्हणाल्या, "फोटो काय पाहता भाऊ, मी उभी आहे ना समोर." त्या कामठीच्या यंत्रमागांच्या गल्लीत वाढल्या होत्या. तिथली माणसे दिवसभराच्या खडखडाटामुळे एकतर ओरडून बोलतात, नाहीतर बोलणेच कमी करतात. मॅडम दुसऱ्या जातकुळीच्या.

नव्या यंत्राचे उद्घाटन असले की मालक नारळ पुढे करत. छप्पन सालच्या दीक्षेनंतर मॅडमच्या घरी नारळ फक्त चटणीसाठी येत असे. पण त्यांनी त्यावर कधी व्याख्यान दिले नाही. एवढेच म्हणायच्या, "नारळ तुम्ही फोडा, बटन मी दाबते. चालू तं बटनानंच होते."

मी नवा होतो तेव्हा त्यांच्या टेबलामागे भिंतीवर डकवलेले दोन छापील कागद मला दिसले. त्यावर ओळीने नुसती नावे होती. हे काय म्हणून मी विचारले.

"हेडर फाईल आहे," मॅडम म्हणाल्या. "काय जी पुस्तकवाले, तुमच्या पुस्तकाले अनुक्रमणिका राहते ना?"

"असते."

"तिच्यात धडा राहते का?"

"नाही. नाव आणि पान."

"बस. हे बी तसंच. एका फायलीत वजन घ्यायचं काम लिहिलं. डिस्प्लेवाल्याले वजन पाहिजे, स्लिप छापणाऱ्याले बी पाहिजे. ते आत कसं चालते हे त्यायनं पाहायचंच नाही. कामाचं नाव काय, त्याले द्यायचं काय अन् ते परत काय देते, एवढं समजलं का झालं. हे एका जागी लिहून ठेवायचं, अन् ज्याले पाहिजे त्यानं तिथूनच घ्यायचं. आपापल्या फायलीत हातानं उतरवायचं नाही."

"उतरवलं तर काय बिघडेल?"

"आज नाही बिघडत," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तं लोक उतरवतात."

त्यांच्याकडच्या कामांची नावे मराठी होती. चिपला कळावीत म्हणून इंग्रजी लिपीत लिहिलेली, पण 'वजन घ्या', 'स्लिप छापा', 'दिवा लावा' अशी. चिपलाही अहोजाहो करणाऱ्या त्या नागपुरातल्या एकमेव व्यक्ती असाव्यात. एकदा एका सहकाऱ्याने सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणून आपल्या फायलीतली यच्चयावत कामे हेडरमध्ये टाकली. मॅडमनी लाल पेनने एकेक खोडत नेले आणि शेवटी सहा ठेवली. तो हिरमुसला तेव्हा म्हणाल्या, "पाहुणा आला तं त्याले पाणी द्या, बैठकीत बसवा. सैपाकखोलीतले डबे काहून उघडून दाखवता?"

हेडर फाईल चुकून दोनदा आत घेतली जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी एक अट लिहिलेली असते: हे आधी येऊन गेले असेल तर पुन्हा घेऊ नका. ही सोय मला फार आवडली. आपल्याकडच्या सत्कारांना ती नाही.

आणि त्यांचा एक नियम असा होता की जो तो नवा माणूस त्याला हसे. दुसऱ्यांच्या वापरातल्या कामाची रचना कुणी बदलली, तर त्याने हेडरमध्ये दुरुस्ती करायचीच, शिवाय खुर्चीतून उठून प्रत्येक टेबलापाशी जायचे आणि तोंडाने सांगून यायचे. मेल चालणार नाही, फोन चालणार नाही. मी विचारले, फायली जुळल्या नाहीत तर त्या तपासून चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ओरडतोच ना, मग ही फेरी कशाला?

"कंपायलर चूक सांगते," त्या म्हणाल्या. "काहून बदललं ते नाही सांगत."

पुढे आमच्याकडे हैदराबादहून नवे टेक्निकल डायरेक्टर आले. आम्ही त्यांना साहेब म्हणू, कारण त्यांच्या पदाचे पूर्ण नाव उच्चारेपर्यंत ते दुसऱ्या मीटिंगला गेलेले असत. त्यांनी आल्याबरोबर शेडमध्ये एक भलामोठा बॅनर लावला. त्यावर हातात हात घेतलेली माणसे होती, त्यातले एकही आमच्याकडचे नव्हते, आणि खाली परस्पर-संवादाच्या संस्कृतीबद्दल एक वाक्य होते. त्या संस्कृतीचा पहिला भाग म्हणून मॅडमची टेबलाटेबलाची फेरी बंद करून सोमवारी सकाळी मीटिंग ठेवावी, असे त्यांनी सुचवले.

"लिहून आणा साहेब," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी खरोखरच लिहून आणले, रंगीत चौकोनांसह. मॅडमनी ते नीट वाचले आणि विचारले, "मंगळवारी बदल केला तं सोमवारपर्यंत थांबायचं का?" फेरी चालू राहिली.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मॅडम दुसऱ्या सगळ्यांच्या फायली तपासत. मॅडमच्या फायली कुणी तपासत नसे. तसा नियम नव्हता. पण तहसीलदाराच्या सातबाऱ्यावर तलाठी जसा शंका घेत नाही, तसे ते आपोआप ठरून गेले होते. स्लिप छापण्याची फाईल तर मॅडमनी कंपनीच्या पहिल्या काट्यासाठी, एकटीने लिहिलेली. ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होती, म्हणून कुणी उघडलीच नव्हती.

आमचे जुने काटे तीस किलोंपर्यंतचे. मॅडमच्या मनात बरेच दिवस एक मोठा काटा होता. धान्याची भरली पोती ठेवता येतील असा, दीडशे किलोंचा. त्यांची निवृत्ती महिनाअखेर यायची होती, आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच कंपनीकडे काही मागितले होते: दोन वर्षांची मुदतवाढ. "हा काटा बाजारात धड चालताना पाहायचा आहे," एवढेच कारण अर्जात होते. अर्ज साहेबांच्या टेबलावर सहीच्या वाटेवर होता.

मोठ्या काट्यासाठी वजनाचे फंक्शन, म्हणजे ते 'वजन घ्या', बदलायचे काम ढोकेकडे आले. ढोके हा आमच्यातला जुना, त्रेचाळीस वर्षांचा, जाडजूड, सावध माणूस. बायको काटोलला शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीत. अडचण अशी होती की काटा वजन ग्रॅममध्ये मोजतो, आणि आमच्या चिपवर 'इंट' नावाच्या ज्या डब्यात ते ठेवले जाई, त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वरचा आकडा मावत नाही. म्हणजे पावणेतेहतीस किलोंना डबा भरला. त्याच्या पुढे गेले की आकडा उलटून उणे होतो. ढोकेने वजनासाठी 'लाँग' नावाचा मोठा डबा घेतला, हेडरमध्ये तशी दुरुस्ती केली आणि उठून फेरीला निघाला. मॅडमच्या टेबलाशी आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"मॅडम, 'वजन घ्या' आता लाँग देते. तुमची स्लिपची फाईल एकदा पाहून घेऊ का?"

मॅडमनी मान वर केली. "माझी फाईल?"

"म्हणजे, सहज."

"तिच्यात काय पाहतो गा? हेडर घेतलं आहे मी तिच्यात."

"हो, हो. तसं नाही मॅडम," म्हणत ढोके पुढच्या टेबलाकडे सरकला.

चाचणीचीही गंमत झाली. ऑफिसात प्रमाणित वजन एकच, वीस किलोंचे. मोठे मंजूर झाले होते; मंजुरी आली होती, वजन यायचे होते. वीस किलोंवर डिस्प्लेही बरोबर, स्लिपही बरोबर. मग जड वजन म्हणून ढोके स्वतः काट्यावर चढला. डिस्प्लेवर ब्याण्णव किलो चारशे ग्रॅम आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"स्लिप काढ ना बे," कुणीतरी ओरडले. "वहिनीले पाठवतो."

"चूप बैस. उतरून राहिलो मी," ढोके म्हणाला. आणि स्लिप न काढता उतरला.

काटा कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे बसवला. पहिल्याच सकाळी फोन आला. पन्नास किलोंचे पोते ठेवले की वर डिस्प्लेवर पन्नास दिसतात आणि स्लिपवर छापून येते उणे पंधरा किलो पाचशे छत्तीस ग्रॅम. फोनमध्ये मागून एका हमालाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, "पोतं आम्ही ठेवलं अन् काटा आमच्यालेच पंधरा किलो मागून राहिला!"

साहेबांना कारण शोधण्यापेक्षा माणूस शोधणे सोपे वाटे. फंक्शन कोणी बदलले? ढोकेने. मोठ्या वजनावर स्लिप कोणी काढली नाही? ढोकेने. तासाभरातच ठरले की ढोकेने राजीनामा द्यावा. त्रेचाळिसाव्या वर्षी नागपुरात सी लिहिणाऱ्याला दुसरी नोकरी म्हणजे पुणे. ढोके आपल्या खुर्चीत बसून राहिला होता आणि आपलीच फाईल वरून खाली आणि खालून वर वाचत होता. तिच्यात काही चूक नव्हती, त्यामुळे ती सापडतही नव्हती.

साहेबांनी मॅडमना बोलावले. "मॅडम, तुम्ही कळमन्याला जाऊन या आणि कारणाचा रिपोर्ट द्या. ढोकेचं नाव स्पष्ट असू द्या. तुमच्या मुदतवाढीवरही तेव्हाच सही करतो, दोन्ही कागद एकदम होऊन जातील." साहेब दुष्ट नव्हते. त्यांना दोन कामे एकदम उरकायची हौस होती.

कंपनीच्या गाडीतून मॅडम आणि मी गेलो. मला पाठवले ते ग्राहकाशी गोड बोलायला. मॅडम सरळ काट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ," त्या हमालाला म्हणाल्या, "भरलं पोतं नोका ठेवू. रिकामं ठेवा अन् त्याच्यात थोडे थोडे गहू टाका. दर वेळी मले स्लिप काढू द्या."

"आज सारा दिवस हेच करायचं का बाई?"

"नाही जी. तीस किलोच्या पुढं दहा मिनिटं."

स्लिपा निघू लागल्या. तीस किलो दोनशे, बरोबर. एकतीस नऊशे, बरोबर. बत्तीस सहाशे, बरोबर. हमालाने आणखी एक मापटे ओतले. डिस्प्लेवर बत्तीस किलो नऊशे आले. स्लिपवर आले उणे बत्तीस किलो सहाशे छत्तीस.

मॅडम ती स्लिप हातात धरून उभ्या राहिल्या. वर मोठा डबा, खाली अजून लहानच डबा. म्हणजे ढोकेचे फंक्शन बरोबर होते आणि स्लिपच्या फायलीला ते बदलल्याचा पत्ता नव्हता. हे मला नंतर कळले. त्यांना तिथेच कळले.

"सापडलं का जी बाई?" हमालाने विचारले.

"सापडलं."

"कोणाची गलती आहे?"

"चहा मिळते का इथं?" मॅडम म्हणाल्या.

ऑफिसात परतलो तेव्हा सगळे जेवायला गेले होते. मॅडमनी स्लिपची फाईल उघडली. मी मागे उभा होतो. तिसऱ्याच ओळीत, हेडरमधून न घेता हाताने उतरवलेली ती नोंद होती: 'वजन घ्या' नावाचे काम आहे, ते इंट देते. ज्या काळी सगळा प्रोग्रॅम दोनच फायलींचा होता आणि हेडर जन्मालाही आले नव्हते, त्या काळची ओळ. हेडर झाल्यावर मॅडमनी सगळ्यांच्या फायली बदलून घेतल्या आणि आपलीही बदलली, अशी त्यांची खात्री होती. कंपायलर एका वेळी एकच फाईल पाहतो. या फायलीत इंट लिहिले आहे तर त्याच्या लेखी ते इंट. शेवटी सगळ्या फायली जोडणारा लिंकर असतो, पण तो सी भाषेत नुसते नाव पाहतो. नाव जुळले की त्याचे समाधान होते. त्यामुळे कुणीच ओरडले नव्हते.

ती ओळ खोडून तिथे हेडर घ्यायला अर्धे मिनिट पुरले असते. मग काटा बरोबर चालला असता, कारण 'सापडत नाही' राहिले असते, रिपोर्टमध्ये ढोके गेला असता आणि मॅडमना दोन वर्षे मिळाली असती. खोलीत फक्त मी होतो, आणि माझा धंदा पुस्तकांचा.

"पुस्तकवाले," मागे न पाहता मॅडमनी विचारले, "ही ओळ वाचता येते का तुमाले?"

"येते," मी म्हणालो.

"बरं झालं. दोघायले माहीत झालं."

मी नाही म्हणालो असतो तरी त्यांनी तेच केले असते, असे मी मानतो. पण त्यांनी मला का विचारले, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळदा केला आहे.

रिपोर्ट दोन ओळींचा होता. चूक: स्लिपच्या फायलीतील तिसरी ओळ. लिहिणारी: सु. गजभिये. साहेबांनी तो वाचला आणि अस्वस्थ होऊन म्हणाले, "मॅडम, हे असं कशाला? तांत्रिक कारण लिहा ना. नाव कुणाचंच नको."

"तुम्हीच म्हणाले होते साहेब, नाव स्पष्ट पाहिजे. मी जागा तशीच ठेवली, नाव बदललं फक्त."

ढोकेचा राजीनामा टळला. मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला नाही. तो विचाराधीन झाला, आणि महिनाअखेर जवळ आली तरी विचारच चालू राहिला. कळमन्याचा काटा त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला होता.

ढोकेने आभार मानले नाहीत. ते मला तेव्हा खटकले. तो मॅडमच्या टेबलाशी आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मॅडम, मी विचारलं होतं तुमाले. पाहून घेऊ का म्हटलं होतं."

शेडमध्ये सोल्डरिंग करणाऱ्या बायासुद्धा थांबल्या.

"हो," मॅडम म्हणाल्या. "विचारलं होतं. मीच पाहू दिलं नाही." आणि पुढे म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी इथं बसत जा. एकेक उघडू."

शेवटच्या दिवशी चार वाजता निरोप समारंभ होता. साहेब 'आधारस्तंभ' या शब्दापर्यंत पोचायला उत्सुक होते, शाल आली होती, फोटोवाला आला होता. मॅडम येईनात म्हणून मला बोलवायला पाठवले. मी दारातच थांबलो. मॅडमच्या खुर्चीत ढोके बसला होता, कीबोर्ड त्याच्यापुढे. मॅडम शेजारी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत. पडद्यावर त्यांची कुठलीतरी जुनी फाईल होती. ढोके एकेक ओळ बोट ठेवून वाचत चालला होता आणि मॅडम मान हलवत होत्या. मग एका ओळीवर त्याचे बोट थांबले. त्याने मॅडमकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले, आणि बोट हळूच पुढच्या ओळीवर नेले.

मॅडमनी त्याचे मनगट धरून बोट परत आधीच्या ओळीवर आणून ठेवले.

"बोल ना गा," त्या म्हणाल्या. "काहून थांबला?"